दोन अ‍ॅम्प, एक सबवूफर: स्ट्रॅपिंगचे सात आठवडे

दोन मोनो (एकाच चॅनेलचे) अ‍ॅम्प्लिफायर जोडून त्यांच्याकडून एकच सबवूफर चालवून घेणं, याला स्ट्रॅपिंग म्हणतात. माझ्या गाडीत हे काम पूर्ण व्हायला ४ जानेवारीपासून २३ फेब्रुवारीपर्यंतचा वेळ गेला. प्रत्यक्ष हात चालवायचं काम चार-पाच दिवसांचंच होतं, बाकीचा वेळ उत्तरांची आणि सामानाची वाट बघण्यात गेला. या विषयावर जे सांगितलं जातं त्यातलं निम्मं ऐकीव असतं, आणि त्या ऐकीवावर विसंबलं की अ‍ॅम्प जळतात. म्हणून जे घडलं ते क्रमानं, आकड्यांसकट लिहितो आहे.

सुरुवात गणितापासून. सबवूफर १२ इंची, दोन व्हॉइस कॉइलचा (कॉइल म्हणजे स्पीकर हलवणारी तारेची गुंडाळी), प्रत्येक कॉइल १ ओमची (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). अ‍ॅम्प १ ओमवर १००० वॉट देणारा मोनो, क्लास-डी (आउटपुट झपाट्यानं चालू-बंद करून चालणारा). दोन्ही कॉइल पॅरलल (समांतर) जोडल्या तर ०.५ ओम होतात आणि १ ओमपर्यंतच झेपणारा अ‍ॅम्प लगेच प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. सिरीज (एकीमागे एक) जोडल्या तर २ ओम होतात, पण २ ओमवर हाच अ‍ॅम्प जेमतेम ५५०-६०० वॉट देतो. म्हणजे सबवूफरला अ‍ॅम्पची पूर्ण ताकद मिळेल अशी एकही जोडणी नाही.

यावर वाटा तीन. मोठा अ‍ॅम्प घ्यायचा, प्रत्येक कॉइलला स्वतंत्र अ‍ॅम्प द्यायचा, किंवा तसाच दुसरा अ‍ॅम्प आणून दोन्ही स्ट्रॅप करायचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेनं मिळणारे वॉट सारखेच, हे आधी सांगून टाकतो. स्ट्रॅपिंगमुळे फुकटची ताकद कुठूनही येत नाही. फरक एवढाच की कॉइलमागे एक अ‍ॅम्प लावला तर दोन्हींचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) आणि फिल्टर (कुठले सूर जाऊ द्यायचे ते) काटेकोर जुळवावे लागतात, आणि ते जुळले नाहीत तर एकाच कोनवर (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावर) दोन कॉइल कमी-जास्त जोर लावत बसतात. स्ट्रॅपिंगमध्ये गेन एकाच ठिकाणी, मास्टरवर (जोडीतल्या मुख्य अ‍ॅम्पवर; दुसरा तो स्लेव्ह) असतो. एवढ्याच कारणासाठी तिसरी वाट धरली.

आत काय होतं ते समजून घेतल्याशिवाय तारेला हात लावू नये. मास्टर अ‍ॅम्प सिग्नल जसा आला तसा वाढवतो, स्लेव्ह तोच सिग्नल उलटा करून वाढवतो. १ ओमवर १००० वॉट म्हणजे ३१.६ व्होल्ट. मास्टरचा प्लस जेव्हा ३१.६ वर असतो तेव्हा स्लेव्हचा प्लस उणे ३१.६ वर असतो, म्हणून दोन प्लसच्या मध्ये ६३.२ व्होल्ट मिळतात. सबवूफर या दोन प्लसच्या मध्ये बसतो. २ ओममधून ६३.२ व्होल्टला ३१.६ अँपिअर वाहतात आणि गुणाकार २००० वॉट येतो. प्रत्येक अ‍ॅम्पला मात्र लोड निम्माच दिसतो, म्हणजे १ ओम. स्ट्रॅपिंगचा सगळा धोका याच वाक्यात आहे. एकटा अ‍ॅम्प १ ओम झेपवत असेल तर जोडीला २ ओमच्या खाली न्यायचं नाही. जोडीला १ ओमचा सबवूफर दिला की दोन्ही अ‍ॅम्प ०.५ ओमवर काम करतात, आणि मग लोक कंपनीला शिव्या घालतात.

आणि हो, हे ब्रिजिंग नव्हे. ब्रिजिंग एकाच अ‍ॅम्पच्या दोन चॅनेलचं होतं. तीन अ‍ॅम्पही एकत्र स्ट्रॅप होत नाहीत, जोडीच लागते. लिंक केबल (एकाचा सिग्नल दुसऱ्याला देणारी) पुढे पुढे नेऊन चार-पाच अ‍ॅम्पना एकच सिग्नल देता येतो, पण तिथे प्रत्येक अ‍ॅम्पचा सबवूफर वेगळा असतो.

४ ते २५ जानेवारी: नुसती वाट

पहिला प्रश्न होता हा अ‍ॅम्प मुळात स्ट्रॅप होतो का. मास्टर-स्लेव्ह बटण आणि लिंकचं आरसीए (ऑडिओ सिग्नलच्या केबलचं) सॉकेट आहे म्हणजे होतोच, असं नाही. काही अ‍ॅम्पवर ते सॉकेट फक्त सिग्नल पुढे देण्यासाठी असतं, उलटा करत नाही. काही अ‍ॅम्प फुल-ब्रिज असतात, म्हणजे स्पीकरचं मायनस टर्मिनलही आतून चालवलेलं असतं. अशा दोन अ‍ॅम्पचे मायनस एकमेकांना जोडले की एकाचं आउटपुट थेट दुसऱ्याच्या आउटपुटवर जातं. काही कंपन्या फुल-ब्रिज अ‍ॅम्पसाठीही स्वतःची स्ट्रॅपिंग पद्धत देतात, पण ती त्यांच्या मॅन्युअलप्रमाणेच करायची, अंदाजानं नाही.

अ‍ॅम्प पूर्ण बंद आणि सुटा असताना स्पीकरच्या मायनसपासून पॉवरच्या ग्राउंडपर्यंत (गाडीच्या पत्र्याला जोडायच्या टर्मिनलपर्यंत) मल्टिमीटर लावला. रेझिस्टन्स जवळपास शून्य आला, म्हणजे मायनस ग्राउंडशी जोडलेलं आहे. हा चांगला इशारा असतो, पण पुरावा नाही. मॅन्युअलमध्ये स्ट्रॅपिंगचं चित्र होतं, तरी त्यात स्लेव्हच्या गेनबद्दल एक अक्षर नव्हतं. म्हणून ४ जानेवारीला कंपनीच्या सपोर्टला मेल पाठवून तीन प्रश्न विचारले: स्लेव्हमध्ये सिग्नल आपोआप उलटतो का, स्लेव्हचे गेन आणि फिल्टर बाद होतात का, आणि जोडीला कमीत कमी किती ओम चालतात. सहा दिवसांनी उत्तर आलं: होय, होय, २ ओम. हे उत्तर छापून बिलासोबत ठेवलं. पुढे वॉरंटीचा प्रश्न आलाच तर तोंडी ‘ते म्हणाले होते’ कामाला येत नाही.

त्याच मेलमध्ये न विचारलेली एक ओळ होती: दोन्ही अ‍ॅम्प एकाच बोर्ड रिव्हिजनचे असावेत. मॉडेलचं नाव तेच ठेवून आतला बोर्ड बदलणं सर्रास चालतं. रिव्हिजन वेगळी असली की दोन्हींचा गेन आणि मर्यादा वेगळ्या, मग एक आधी क्लिप होतो (मर्यादेला पोचून सिग्नलचा माथा कापतो) आणि दुसरा त्याला ओढत राहतो. पहिल्या अ‍ॅम्पच्या तळावरच्या स्टिकरचा फोटो विक्रेत्याला पाठवून त्याच रिव्हिजनचा दुसरा मागवला. तो २५ जानेवारीला आला. वापरलेला जुना अ‍ॅम्प जोडीला घ्यायचा मोह होतो, पण तो आत दुरुस्त झालेला आहे का हे बाहेरून कळत नाही.

मधल्या काळात कागदपत्रं उरकली. गाडीच्या विमा कंपनीला जादा विजेच्या उपकरणांची यादी बिलांच्या प्रतींसह लिहून दिली आणि पोच घेतली. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंग कापायची नाही. या कामात कापावीही लागत नाही, सगळी नवी वायर थेट बॅटरीपासून जाते.

त्याच दिवसांत वीजपुरवठ्याचा हिशोब केला, आणि खर्च तिथेच वाढला. २००० वॉट बाहेर काढायचे आणि अ‍ॅम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर २५०० वॉट आत जावे लागतात. १३.८ व्होल्टला ते १८० अँपिअर होतात. साध्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा) ८० ते १२० अँपिअरचा असतो आणि त्यातला बराचसा दिवे, पंखे, एसी खातात. गाणं म्हणजे सतत वाजणारा एकच सूर नसतो, त्यामुळे सरासरी ओढ एक तृतीयांश ते निम्मी धरतात, तरी ६० ते ९० अँपिअर होतातच. मूळ अल्टरनेटर ठेवून, पुढची बॅटरी मोठ्या एजीएम (सीलबंद, जोराचा करंट देणाऱ्या) बॅटरीनं बदलली. तासन्‌तास जोरात वाजवणाऱ्याला मोठ्या अल्टरनेटरशिवाय पर्याय नाही. बॅटरी वीज साठवते, तयार करत नाही.

एकूण खर्चात दुसऱ्या अ‍ॅम्पचा वाटा निम्म्याहून कमी होता. उरलेला बॅटरी, केबल, फ्यूज आणि लगमध्ये (केबलच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोकांत) गेला. बजेट आखताना हे उलटं धरलं जातं, आणि मग केबलमध्ये काटकसर होते.

१ आणि २ फेब्रुवारी: केबल

मुख्य केबल १/० गेजची, साधारण ५३ चौरस मिलिमीटर, शुद्ध तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल त्याच गेजच्या नावानं मिळते. ती तांब्याच्या सुमारे ६० ते ६५ टक्केच वीज वाहून नेते. पाच मीटर लांबीत १८० अँपिअरला तांब्याच्या केबलमध्ये ०.३ व्होल्ट पडतो, अ‍ॅल्युमिनियमच्या केबलमध्ये ०.४५ च्या पुढे, आणि ४ गेजचं (बारीक) तांबं वापरलं तर ०.७५. ओळखायचं कसं? टोक सोलून दोन-चार तारा ब्लेडनं खरवडायच्या. आत पांढरं दिसलं तर अ‍ॅल्युमिनियम.

कामाआधी बॅटरीचा मायनस काढला. काही गाड्यांत यानंतर स्टिरिओ कोड मागतो, खिडक्यांचं ऑटो पुन्हा शिकवावं लागतं. कोड आधीच शोधून ठेवायचा.

बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटिमीटरच्या आत ३०० अँपिअरचा एएनएल (मोठ्या करंटचा) फ्यूज बसवला. हा फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतो. कुठे पत्र्याला घासून केबल सोलली गेली तर ती पेटू नये म्हणून असतो, आणि त्यामुळेच तो डिकीत नाही, बॅटरीजवळच हवा. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट बसवल्याशिवाय केबल ओवली नाही. पॉवर केबल गाडीच्या एका बाजूनं, आरसीए दुसऱ्या बाजूनं नेली. डिकीत डिस्ट्रिब्युशन ब्लॉक, तिथून दोन्ही अ‍ॅम्पना ४ गेजच्या सारख्या लांबीच्या दोन केबल आणि प्रत्येकीवर मॅन्युअलमध्ये सांगितलेला १०० अँपिअरचा फ्यूज.

लग दाबायला साधी पक्कड चालत नाही. हायड्रॉलिक क्रिम्पर एका दिवसासाठी भाड्यानं आणला. त्याआधी हातोडीनं चेपलेला एक लग कापून पाहिला होता, आत तारांमध्ये अर्धी पोकळी होती. तीच पोकळी पुढे तापते.

बॉनेटखाली तीन केबल जादा टाकल्या: अल्टरनेटरच्या प्लसपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत (हीवरही फ्यूज हवा), बॅटरीच्या मायनसपासून चेसीपर्यंत (गाडीच्या सांगाड्यापर्यंत) आणि इंजिन ब्लॉकपासून चेसीपर्यंत. मूळच्या केबल काढायच्या नाहीत, त्यांच्या जोडीला या टाकायच्या. नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. जादा ग्राउंड केबल सेन्सरच्या बॅटरीकडच्या बाजूला जोडली तर तिच्यातून जाणारा करंट सेन्सरला दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशोब चुकतो. ती चेसीकडच्या बाजूलाच जोडायची.

डिकीतलं ग्राउंड: दोन्ही अ‍ॅम्प एकाच बोल्टवर, केबल ४५ सेंटिमीटरपेक्षा लहान, दोन्ही सारख्या लांबीच्या. पॉलिश पेपरनं रंग घासला, दातेरी वॉशर घातला, नट आवळला. काम चोख झालं असं वाटलं. आठवड्यानं कळलं की नाही.

अ‍ॅम्प सबवूफरच्या पेटीवर न बसवता मागच्या सीटच्या पाठीला लावलेल्या प्लायवर बसवले. पेटीच्या थरथरीनं आतले सोल्डर सैल होतात. ८० टक्के कार्यक्षमता म्हणजे पूर्ण ताकदीला ५०० वॉटची उष्णताही बाहेर पडते, म्हणून दोन्हींमध्ये हाताची चार बोटं जातील एवढी जागा ठेवली.

८ फेब्रुवारी: मीटरवर शून्य

या दिवशी सबवूफर जोडलाच नाही. स्ट्रॅपिंगमध्ये जे काही चुकतं ते सगळं मीटरवर आधी दिसतं, फक्त बघायची सवय हवी.

आधी सबवूफरची कॉइल मोजली. सिरीज जोडल्यावर मीटरवर १.७ ओम आले. डीसी रेझिस्टन्स छापील आकड्यापेक्षा थोडा कमीच येतो, म्हणजे ठीक. ०.४ च्या आसपास आले असते तर चुकून पॅरलल जोडलंय असा अर्थ झाला असता. सिरीज म्हणजे पहिल्या कॉइलचा मायनस दुसरीच्या प्लसला, आणि उरलेली दोन टोकं बाहेर. हेच दोन ड्युअल २ ओमच्या सबवूफरनीही साधतं: प्रत्येकाच्या कॉइल सिरीज करून ४ ओम, मग दोघे पॅरलल करून २ ओम.

मग प्रत्येक अ‍ॅम्प स्वतंत्र तपासला. दोन्हींचं बटण मास्टरवर, आरसीए स्प्लिटरनं दोन्हींना सिग्नल. मुख्य फ्यूज सगळ्यात शेवटी घातला. घालताना छोटी ठिणगी उडते, ती अ‍ॅम्पमधले कपॅसिटर भरताना पडते, दचकायचं कारण नाही. इंजिन चालू, स्टिरिओचा इक्वलायझर सपाट, बास बूस्ट बंद, व्हॉल्यूम ४० पैकी ३०, पेन ड्राइव्हवर ४० हर्ट्झचा ० डेसिबलचा सूर. दोन्ही अ‍ॅम्प व्हॉल्यूमप्रमाणे नीट वाढले, नीट उतरले.

त्यानंतर स्ट्रॅपिंग. मास्टरच्या लिंक आउटपासून स्लेव्हच्या लिंक इनपर्यंत अर्ध्या मीटरची आरसीए. दोन्ही अ‍ॅम्पच्या स्पीकर मायनसना जोडणारी ८ गेजची वायर. मोनो अ‍ॅम्पवर प्लसची दोन आणि मायनसची दोन टर्मिनल दिसतात, ती आतून एकच असतात, दोन चॅनेल नव्हेत. मायनस जोडणारी ही वायर बरेच जण गाळतात, कारण दोन्ही मायनस ग्राउंडला जोडलेलेच आहेत असा युक्तिवाद असतो. पण करंटचा रस्ता बघा: मास्टरच्या प्लसमधून निघतो, सबवूफरमधून स्लेव्हच्या प्लसमध्ये शिरतो, स्लेव्हच्या मायनसमधून बाहेर पडून मास्टरच्या मायनसला परत जातो. ही वायर नसेल तर ते ३० अँपिअर ग्राउंड केबल आणि पत्र्यातून वाट काढतात, आणि स्टिरिओत गुणगुण ऐकू येते.

सूर चालू केला. मीटर एसी व्होल्टवर ठेवून मास्टरच्या प्लस-मायनसवर लावला, २० व्होल्ट. स्लेव्हच्या प्लस-मायनसवर, २० व्होल्ट. दोन्ही प्लसच्या मध्ये ४० अपेक्षित होते. मीटरवर ०.३ आलं.

प्रोब बदलून पाहिले, तेच. हा ०.३ चा आकडा बोलका आहे. दोन्ही अ‍ॅम्प सारखाच सिग्नल सारख्याच दिशेनं देत असतील तरच फरक शून्य येतो. म्हणजे स्लेव्ह उलटा करतच नव्हता. सकाळच्या तपासणीतला स्प्लिटर तसाच लावलेला होता आणि स्लेव्हचं बटण अजून मास्टरवर होतं. तो लिंककडे बघतही नव्हता, आपला थेट आरसीए सिग्नल घेऊन वाजत होता. सबवूफर जोडलेला असता तर काहीच ऐकू आलं नसतं, आणि साहजिकच गेन वाढवत नेला गेला असता. अ‍ॅम्प बंद केला, स्प्लिटर काढला, बटण स्लेव्हवर केलं (अ‍ॅम्प चालू असताना हे बटण कधीही हलवायचं नाही), पुन्हा चालू. मास्टर २०, स्लेव्ह २०, दोन प्लसच्या मध्ये ४०.

आता गेन. मीटर ट्रू-आरएमएस (एसीचं खरं परिणामी व्होल्टेज मोजणारा) हवा, स्वस्त मीटर क्लास-डीच्या स्विचिंगमुळे भलतेच आकडे दाखवतात. कागदावर प्रत्येक अ‍ॅम्पला ३१.६ व्होल्ट मिळायला हवेत. पण ही मोजणी विनालोड असते. लोड आला की पुरवठ्याचं व्होल्टेज खाली येतं आणि जो सूर मघाशी गोल होता त्याचा माथा सपाट होतो. सपाट माथ्याची लाट म्हणजे क्लिपिंग. पूर्ण चौकोनी झालेली लाट त्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट वॉट कॉइलमध्ये ओतते. म्हणून २८ व्होल्टवर थांबलो. दोन प्लसच्या मध्ये ५६. हिशोबानं हे १५७० वॉट होतात, म्हणजे २००० पेक्षा एकच डेसिबल कमी, आणि गाण्यात एक डेसिबल कानाला कळत नाही.

बॅटरीवर चालणारा छोटा ऑसिलोस्कोप मिळाला तर उत्तम, सपाट माथा डोळ्यांना दिसतो. घरच्या प्लगवर चालणारा स्कोप मात्र दोन प्लसच्या मध्ये लावायचा नाही. त्याची ग्राउंड क्लिप अर्थिंगला जोडलेली असते, आणि स्लेव्हचा प्लस चालवलेला असतो.

फिल्टर मास्टरवरच लावले: लो-पास (वरचे सूर अडवणारा) ८० हर्ट्झ आणि सबसॉनिक (अगदी खालचे सूर अडवणारा) २८ हर्ट्झ, कारण पेटीचा पोर्ट (हवेचं तोंड) ३४ हर्ट्झला ट्यून केलेला आहे. पोर्टच्या ट्यूनिंगखाली कोनला हवेचा आधार राहत नाही, तो नुसताच मागे-पुढे फेकला जातो. बास नॉब मास्टरला. स्लेव्हचे सगळे नॉब शून्यावर.

९ फेब्रुवारी: सबवूफर जोडला

मास्टरच्या प्लसपासून सबवूफरचा प्लस, स्लेव्हच्या प्लसपासून सबवूफरचा मायनस. वायर ८ गेजची. कमी आवाजावर पंधरा मिनिटं वाजवून दोन्ही अ‍ॅम्पच्या पाठीवर हात ठेवून पाहिला. एक गरम आणि एक थंड असता तर दोघे सारखं काम करत नाहीत असा अर्थ झाला असता. दोन्ही सारखे कोमट होते.

मग ठरलेल्या व्हॉल्यूमवर ४० हर्ट्झचा सूर, तीन-चार सेकंदच. यापेक्षा जास्त वेळ सरळ सूर वाजवला की कॉइल तापायला लागते. बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर १३.०. ०.८ व्होल्ट वाटेत गळत होते, पण कुठे? बॅटरीच्या प्लसपासून डिकीपर्यंत एक लांब बारीक वायर नेऊन मीटरचा एक प्रोब तिला आणि दुसरा अ‍ॅम्पच्या प्लसला लावला. सूर चालू असताना ०.२. तीच मोजणी मायनसच्या बाजूला केली तर ०.६. दोष ग्राउंडमध्ये.

बोल्ट उघडला. वरून चकाकणाऱ्या पत्र्यावर लगच्या गोल खुणेचा अर्धाच भाग लखलखीत होता, उरलेल्या चंद्रकोरीएवढ्या भागावर राखाडी प्रायमर तसाच होता. रंग निघाला होता, त्याखालचा थर नाही. पुन्हा घासून काढलं, दोन लग एकावर एक ठेवण्याऐवजी बोल्टच्या दोन बाजूंना बसवले, वरून गंजरोधक ग्रीस. मायनसकडची गळती ०.१ वर आली आणि अ‍ॅम्पवर १३.५ मिळू लागले. ज्या अ‍ॅम्पचा पुरवठा रेग्युलेटेड (आतून व्होल्टेज स्थिर ठेवणारा) नसतो त्यांची ताकद साधारण व्होल्टेजच्या वर्गानुसार घटते. १४.४ व्होल्टऐवजी १२.६ मिळाले तर जवळपास चौथा भाग जातो. वॉट शोधायचे तर आधी ग्राउंडमध्ये शोधा, नव्या अ‍ॅम्पमध्ये नाही.

क्लॅम्प मीटरनं स्पीकरच्या वायरमधला करंटही मोजला: ५६ व्होल्टला १९ अँपिअर. म्हणजे सबवूफर त्या क्षणी २ नव्हे, जवळपास ३ ओमचा होता. पेटीत बसवल्यावर इम्पिडन्स (सुराच्या वेळी प्रत्यक्ष दिसणारे ओम) फ्रीक्वेन्सीप्रमाणे असा वर-खाली होतो, आणि म्हणून १५७० ऐवजी हिशोब हजाराच्या थोडा वर येतो. हे बघून काही जण कॉइल पॅरलल करून लोड आणखी खाली नेतात. पण तोच सबवूफर दुसऱ्या एखाद्या सुरावर आपल्या मूळ ओमवर येऊन बसतो, आणि अ‍ॅम्प तिथे मरतो.

आवाजात किती फरक पडला? आधी एकटा अ‍ॅम्प २ ओमवर होता, आता त्याच २ ओमवर व्होल्टेज बरंच जास्त आहे. कागदावर चार-पाच डेसिबल. स्पष्ट कळतात, पण आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. ज्यांची पेटीच चुकीच्या मापाची आहे त्यांनी आधी पेटी बदलावी. तिथे कमी पैशांत जास्त मिळतं.

पहिल्या आठवड्यात एकच तक्रार निघाली: कधी कधी चालू करताना ठक्‌ असा आवाज. दोन्ही अ‍ॅम्पची रिमोट वायर (चालू होण्याचा इशारा देणारी) स्टिरिओच्या एकाच बारीक वायरवर होती आणि एक अ‍ॅम्प दुसऱ्याच्या आधी जागा होत होता. स्टिरिओची रिमोट वायर थोडाच करंट देऊ शकते. मध्ये साधा १२ व्होल्टचा रिले टाकून दोन्ही अ‍ॅम्पना त्याच्यातून एकदम पुरवठा दिला. ठक्‌ थांबलं.

२३ फेब्रुवारी

दोन आठवड्यांनी सगळे नट पुन्हा आवळले. तांब्याच्या बारीक तारा दाबाखाली हळूहळू बसतात, त्यामुळे हे करावंच लागतं. डिस्ट्रिब्युशन ब्लॉकचे तीन स्क्रू पाव फेरा फिरले. मुख्य फ्यूजचं होल्डर हात लावून पाहिलं, थंड होतं. स्लेव्हच्या नॉबवर इन्सुलेशन टेप चिकटवली, कारण डिकीत सामान टाकताना कुणाचं तरी बोट लागतंच. फ्यूजच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी लावली आहे: व्हॉल्यूम ३०, गेन २८-२८-५६, लो-पास ८०, सबसॉनिक २८, सबवूफर सिरीज २ ओम, याखाली जोडू नये. शेजारी एक ३०० चा आणि दोन १०० चे जादा फ्यूज.